इंग्रजीतला 'रन' कसा वापरायचा: नव्याने बोलायला शिकणाऱ्यांसाठी

इंग्रजी बोलायला लागलेल्या माणसाला लांबलचक शब्दांची धास्ती असते, पण शिकवताना मी बघते की माणूस अडतो तो छोट्या शब्दांवर. मोठा शब्द आला तर मोबाईलमध्ये बघता येतो, त्याचे एक-दोन अर्थ असतात, काम झालं. रन, गेट, सेट, टेक हे मात्र आपल्याला शाळेपासून येतात असं वाटत असतं म्हणून आपण ते कधी उघडून बघतच नाही, आणि मग नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मॅनेजर विचारतात "कॅन आय रन समथिंग बाय यू?" आणि आपण नुसती मान हलवतो, कारण कोण कुठे पळणार आहे ते कळलेलंच नसतं.

या लेखात फक्त रन घेतलाय. एकच शब्द, पण नीट. ऑक्सफर्डचा जो सगळ्यात मोठा इंग्रजी कोश आहे त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, पुढच्या आवृत्तीचं काम चालू असताना रनने त्याला मागे टाकलं, पीटर गिलिव्हर या संपादकांना एकट्या रनवर नऊ महिने घालवावे लागले आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. घाबरू नका, रोजच्या बोलण्यात त्यातले वीस-पंचवीसच लागतात, आणि तेही सुटे सुटे पाठ करायचे नसतात. आपलं 'लागणं' बघा की, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, बस यायला वेळ लागतो, आंबा गोड लागतो, याची यादी कोणी आपल्याला दिली नव्हती, ऐकून ऐकून आणि वापरून ते तोंडात बसलं. रनचंही तसंच बसतं, फक्त सुरुवात योग्य जागेवरून करायला हवी.

पायरी १: 'धावणं' बाजूला ठेवा आणि 'चालणं' हातात घ्या

रन म्हटलं की आपल्या डोक्यात आधी धाव येते आणि त्याला क्रिकेट कारणीभूत आहे. धावफलक, धावगती, धावबाद हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो, १९८३ च्या फायनलला आपण १८३ केल्या आणि ४३ धावांनी जिंकलो हे ज्यांनी मॅच बघितली नाही त्यांनाही तोंडपाठ असतं, त्यामुळे रन म्हणजे धाव हे समीकरण इतकं घट्ट बसतं की दुसरं काही आत शिरतच नाही. मैदानावर ते बरोबरच आहे. मैदानाबाहेर मात्र इंग्रजी माणूस जिथे रन म्हणतो तिथे मराठी माणूस बहुतेक वेळा 'चालणं' किंवा 'चालवणं' म्हणतो. हे एक लक्षात ठेवलंत तर निम्मं काम इथेच झालं.

आपली वाक्यं घेऊन बघूया. काकू खानावळ चालवतात, तर "माय आंट रन्स अ कँटीन". शेतातला पंप डिझेलवर चालतो, "द पंप रन्स ऑन डिझेल". सगळं घर आजी चालवते, "माय ग्रँडमदर रन्स द हाउसहोल्ड". भाड्याच्या घराचा करार अकरा महिने चालतो, "द अॅग्रीमेंट रन्स फॉर इलेव्हन मंथ्स". कोर्स जून ते मार्च चालतो, "द कोर्स रन्स फ्रॉम जून टू मार्च". मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरला एक सिनेमा १९९५ पासून चालला, तर त्या चालण्यालाही इंग्रजीत रनच म्हणतात. यात कुठेही कोणी पळत नाहीये, सगळं चालतंय.

एक बारीक गोष्ट इथेच बघून घ्या. खानावळ, दुकान, एनजीओ, टीम यांच्या आधी रनला कुठलाही जोडशब्द लागत नाही, "शी रन्स अ शॉप" एवढंच. काही जण "रन ऑफ अ शॉप" किंवा "रन ऑन अ शॉप" करतात, ते नको. 'ऑन' येतो तो इंधनाला किंवा विजेला, म्हणजे कशावर चालतं ते सांगायला.

रेल्वेच्या बाबतीत मराठीतही धावणंच आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली असंच आपण म्हणतो, इंग्रजीतही "द ट्रेन रॅन". लोकल उशिराने धावतेय, "द ट्रेन इज रनिंग लेट". इथे दोन्ही भाषा जुळतात म्हणून कोणाला अडचण येत नाही. वेळापत्रक सांगताना मात्र साधा वर्तमानकाळ वापरा, "द बस रन्स एव्हरी टेन मिनिट्स". आत्ता या क्षणी काय चाललंय ते सांगायचं असेल तेव्हाच "इज रनिंग".

पायरी २: कुठलं 'चालणं' रन होत नाही ते ओळखा

पहिली पायरी जमली की नवीन माणूस प्रत्येक चालण्याला रन लावायला बघतो आणि मग "इट विल रन" असलं काहीतरी तयार होतं. म्हणून या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

आपलं 'चालेल' म्हणजे होकार. संध्याकाळी सहाला भेटू, चालेल? तर "दॅट वर्क्स" किंवा "दॅट्स फाइन". कसं चाललंय? "हाउज इट गोइंग?" उपासाला भगर चालते, कांदा चालत नाही, हे कोणा परदेशी पाहुण्याला समजावून सांगायचं तर "यू कॅन ईट भगर ऑन अ फास्टिंग डे, बट नॉट अनियन्स" असं सरळ सांगायचं, नाहीतर "अलाउड" आहेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या जुन्या नोटा चालेनाशा झाल्या, तिथेही रन नाही, "दे स्टॉप्ड टेकिंग ओल्ड नोट्स" म्हणायचं. म्हणजे परवानगी, होकार, ग्राह्य धरणं या अर्थाचं जे चालणं आहे त्यातलं काहीच रनकडे जात नाही.

गाडी चालवणं हे ड्राइव्ह, सायकल आणि बाइक चालवणं हे राइड. गंमत म्हणजे "आय रन अ कार" हे वाक्य इंग्लंडमध्ये चुकीचं नाही, पण त्याचा अर्थ मी गाडी बाळगतो, तिचं पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग हा सगळा खर्च मला पेलतो असा होतो. रनिंग कॉस्ट म्हणतात तो हाच खर्च. तुम्हाला फक्त गाडी चालवता येते एवढंच सांगायचं असेल तर "आय कॅन ड्राइव्ह".

आता मशीनचं. फॅन चालू कर हे "टर्न ऑन" किंवा "स्विच ऑन", पण आधीच चालू असलेला तसाच राहू दे म्हणायचं असेल तर "लीव्ह द फॅन रनिंग". एसी रात्रभर चालू होता, "द एसी वॉज रनिंग ऑल नाइट". मोबाईल चालत नाही, लिफ्ट चालत नाही, गिझर चालत नाही म्हणजे बिघडलंय, त्याला "इट इज नॉट वर्किंग". इंजिन, मोटार आणि सॉफ्टवेअर यांना रन छान बसतं, "धिस अॅप डझन्ट रन ऑन माय फोन" अगदी बरोबर आहे कारण तिथे फोन धड आहे, अॅप त्याच्यावर चालत नाही.

आणि दुकानाचं एक नीट लक्षात घ्या. ताई पार्लर चालवते हे रन. ताईचं पार्लर छान चाललंय, म्हणजे गिऱ्हाईक येतंय, पैसे सुटतायत, हे मात्र "इट इज डूइंग वेल". "द पार्लर रन्स वेल" म्हटलंत तर ऐकणाऱ्याला कळेल की तिथला कारभार शिस्तीत आहे, धंदा होतो की नाही ते कळणार नाही.

पायरी ३: रनच्या मागे कुठला छोटा शब्द आलाय ते बघा

आउट, इनटू, ओव्हर, डाउन, अप, थ्रू, बाय. यातला कुठला मागे लागलाय त्यावर अर्थ पूर्ण बदलतो. सगळे एका दमात करू नका, आधी आउट पक्का करा, कारण तो रोज लागतो.

संपणं म्हणजे 'रन आउट'. आपण भारतात सर्रास "माय पेट्रोल इज फिनिश्ड", "गॅस इज ओव्हर" म्हणतो, इथे सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाला ते अडखळल्यासारखं वाटतं. दोन साचे आहेत. वाक्य माणसापासून सुरू केलं तर 'ऑफ' लागतो, "वी रॅन आउट ऑफ शुगर". वाक्य वस्तूपासून सुरू केलं तर 'ऑफ' गळतो, "द शुगर रॅन आउट". चुका होतात त्या या दोघांची सरमिसळ केल्याने, "आय रॅन आउट शुगर" नाही आणि "शुगर रॅन आउट ऑफ" पण नाही. अजून संपलं नाहीये पण संपत आलंय, तर "वी आर रनिंग आउट ऑफ मिल्क" किंवा "वी आर रनिंग लो ऑन मिल्क". वस्तूच नाही, वेळ संपतो, पैसे संपतात, संयम संपतो, कल्पना संपतात, सगळ्यांना हाच साचा. आणि अमेरिकेत जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, तिथे "वी रॅन आउट ऑफ गॅस" म्हटलं की समोरच्याला वाटतं तुमची गाडी रस्त्यात बंद पडलीये, कारण तिथे गॅस म्हणजे पेट्रोल. स्वयंपाकघरातला सिलिंडर त्याच्या डोक्यात येणारच नाही. क्रिकेटमधला रन आउट हा वेगळा, त्याचा या संपण्याशी संबंध नाही.

'रन इनटू' म्हणजे अचानक गाठ पडणं. "आय रॅन इनटू माय ओल्ड टीचर अॅट दादर" म्हणजे दादरला आमच्या जुन्या बाई अचानक भेटल्या, त्यांना धडक मारली असा अर्थ अजिबात नाही. गाडी भिंतीवर आदळली तरी मात्र "द कार रॅन इनटू अ वॉल" म्हणतात, म्हणून कोण आणि कशात हे बघून अर्थ लावायचा. अडचण आली, "वी रॅन इनटू अ प्रॉब्लेम". खर्च लाखांत गेला, "द कॉस्ट रॅन इनटू लाख्स".

'रन ओव्हर' जपून वापरा. मीटिंग लांबली तर "द मीटिंग रॅन ओव्हर" छान आहे, पण माणूस किंवा कुत्रा आला की अर्थ गाडीखाली येणं.

'रन डाउन'ला तीन जागा आहेत. बॅटरी उतरली, "द बॅटरी हॅज रन डाउन". मोडकळीला आलेली इमारत, "अ रन-डाउन बिल्डिंग". आणि कोणाला नावं ठेवणं, "ही इज ऑलवेज रनिंग डाउन हिज कलीग्स". बिल वाढवून ठेवणं, उधारी चढवणं हे 'रन अप', "ही रॅन अप अ ह्यूज बिल". बॉलर टाकायच्या आधी जी धाव घेतो तो रन-अप आपल्याला माहीत आहेच.

आता सुरुवातीचं ते वाक्य. 'रन समथिंग बाय समवन' याला मराठीत अगदी नेमका वाक्प्रचार आहे, कानावर घालणं. "कॅन आय रन समथिंग बाय यू?" म्हणजे एक गोष्ट तुमच्या कानावर घालायचीये, तुमचं काय मत आहे ते सांगा. याचं उत्तर "शुअर, गो अहेड" एवढंच द्यायचं. तुम्ही ज्युनिअर असाल तर हे वाक्य स्वतःहून वापरायला शिका, "आय वॉन्टेड टू रन धिस बाय यू बिफोर आय सेंड इट", साहेबांना विचारल्याशिवाय काही पाठवलं नाही हेही कळतं आणि ऐकायला नम्र वाटतं. 'रन थ्रू' म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा भरभर बघून घेणं, "लेट्स रन थ्रू द लिस्ट".

'रन अवे' म्हणजे पळून जाणं, इथे एकदाचं खरं पळणं आलं. 'रन अलाँग' फक्त लहान मुलांना म्हणतात, जा बाळा खेळ जा अशा सुरात, मोठ्या माणसाला म्हणू नका, अपमान वाटतो.

पायरी ४: पाण्याजवळ आणि दवाखान्यात रन म्हणजे वाहणं

परदेशात नवीन असलेल्यांना ही पायरी फार उपयोगी पडते, कारण आजारपणात शब्द सुचत नाहीत. डॉक्टरांपुढे बसल्यावर साधारण असं बोलणं होतं. तुम्ही म्हणता, "आय हॅव बीन रनिंग अ फीवर सिन्स मंडे, अँड माय नोज इज रनिंग", म्हणजे सोमवारपासून ताप आहे आणि नाक वाहतंय. ते विचारतात, "डझ डायबेटिस रन इन युवर फॅमिली?" म्हणजे घराण्यात कोणाला मधुमेह आहे का. इथे खूप जण गोंधळतात आणि "नो, नोबडी इज रनिंग" असलं उत्तर द्यायची वेळ येते. मग ते म्हणतात "यू लुक अ बिट रन-डाउन", चेहरा उतरलाय, अंगात त्राण नाही, आणि "लेट्स रन सम टेस्ट्स", काही तपासण्या करून घेऊ. एका भेटीत पाच रन आणि पाचही वेगळे. अजून एक, 'द रन्स' म्हणजे जुलाब, मित्रामित्रांत बोलताना चालतो पण डॉक्टरांना सरळ 'डायरिया' सांगा. आपला 'लूज मोशन' हा शब्द बाहेर बऱ्याच ठिकाणी कळत नाही.

भाजलं तर पहिली सूचना मिळते ती अशी, "रन कूल वॉटर ओव्हर द बर्न फॉर ट्वेंटी मिनिट्स". नळाखाली धरा आणि वीस मिनिटं गार पाणी वाहू द्या. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही. हे वाक्य नीट ऐकायची सवय करून ठेवा, फोनवर घाईत सांगितलं जातं. नळ सोडणं म्हणजे "रन द टॅप", टबात आंघोळीचं पाणी भरणं म्हणजे "रन अ बाथ".

कपड्यांच्या लेबलवर "कलर्स मे रन" लिहिलेलं असतं, म्हणजे रंग जातो, वेगळं धुवा.

नदी, रस्ता, डोंगररांग यांनाही रन लागतो. "द गोदावरी रन्स थ्रू नाशिक", "द एक्स्प्रेसवे रन्स फ्रॉम मुंबई टू पुणे". मराठीत नदी वाहते, रस्ता जातो, रांग पसरते, इंग्रजीत तिघांना एकच.

पायरी ५: ऑफिसचे रन

आयटीत असलेल्यांना "रन द स्क्रिप्ट", "रन द क्वेरी" शिकवायला नको. त्यांची गाडी अडते ती कोडच्या बाहेर. सगळ्यात जास्त उपयोगाचं वाक्य, "आय अॅम रनिंग टेन मिनिट्स लेट", दहा मिनिटं उशीर होतोय. "आय विल कम लेट"पेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण यात तुम्ही निघालायत, वाटेत आहात आणि वेळेचा अंदाजही देताय असं कळतं. "रन द नंबर्स" म्हणजे हिशोब मांडून बघणं. "अप अँड रनिंग" म्हणजे सुरू होऊन सुरळीत चालू. "रन विथ इट" म्हणजे कल्पना आवडली, तू पुढे ने. "इन द लाँग रन" म्हणजे पुढे जाऊन, लांबचा विचार केला तर. "रन द रिस्क" म्हणजे धोका पत्करणं. "रन सम एरंड्स" म्हणजे बाहेरची बारीकसारीक कामं उरकणं, बँक, पोस्ट, किराणा, त्यासाठी हाफ डे मागताना हा शब्द वापरा. स्टार्टअपमध्ये कोणी रनवे किती आहे विचारलं तर विमानतळाचं बोलणं नाही, हातातल्या पैशांत किती महिने निघतील ते विचारतायत.

'ड्राय रन' आपल्या सगळ्यांच्या कानावर आला तो जानेवारी २०२१ मध्ये, कोविड लसीकरणाच्या आधी पुणे, नागपूर, जालना, नंदुरबारला ड्राय रन झाली तेव्हा. लस न टोचता बाकी सगळं, नोंदणीपासून अर्धा तास बसवून ठेवण्यापर्यंत, करून बघितलं होतं. मराठीत रंगीत तालीम. प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी "कॅन वी डू अ ड्राय रन?" विचारा, लोकांना ते आवडतं.

पायरी ६: आपल्याकडचं 'रनिंग' कुठे चालतं आणि कुठे नाही

मराठी बोलतानाही आपण रनिंग वापरतो. सुताराकडे किंवा फर्निचरवाल्याकडे गेलात की भाव दोन तऱ्हेने निघतो, स्क्वेअर फूट आणि रनिंग फूट. ओट्याची कड, स्कर्टिंग, पडद्याची पट्टी, ग्रिलच्या वरची पाइप, ज्याची फक्त लांबी मोजायची ते रनिंग फुटात. दहा फूट लांबीचा ओटा म्हणजे दहा रनिंग फूट, रुंदी हिशोबात धरत नाहीत. कपाटाचा भाव कोणी रनिंग फुटाने सांगितला तर त्यात उंची किती धरलीये ते आधी विचारून घ्या, नाहीतर दोन कोटेशन्सची तुलनाच होत नाही. परदेशात याला 'लीनिअर फूट' म्हणतात, 'रनिंग फूट' सगळीकडे कळेल असं धरून चालू नका.

दुसरं, जुनी गाडी घेताना आपण विचारतो गाडीचं रनिंग किती झालंय. बाहेर "व्हॉट इज द रनिंग?" असं विचारलंत तर समोरचा बघत राहील. तिथे त्याला 'मायलेज' म्हणतात. आणि इथेच दुसरा घोळ होतो, कारण आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर देते, बाहेर नुसतं मायलेज म्हटलं की गाडी आतापर्यंत किती अंतर पळालीये ते. लिटरमागचा हिशोब हवा असेल तर 'फ्युएल इकॉनॉमी' विचारा.

तिसरं रनिंग म्हणजे सलग. "थ्री डेज रनिंग", सलग तीन दिवस. हे आकड्याच्या आणि नामाच्या नंतर येतं, आधी नाही. क्रिकेटच्या धावत्या समालोचनाला 'रनिंग कॉमेंटरी' हा शब्द जसाच्या तसा जुळतो, पण धावती भेट म्हणजे 'रनिंग व्हिजिट' नाही, 'फ्लाइंग व्हिजिट'.

पायरी ७: बातम्यांमधले रन

इथे फार थांबायची गरज नाही, फक्त ऐकल्यावर कळलं पाहिजे. अमेरिकेत निवडणुकीला "रन" करतात, ब्रिटनमध्ये "स्टँड" करतात, आपण उभे राहतो किंवा लढवतो. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या जोडीदार उमेदवाराला 'रनिंग मेट' म्हणतात. 'ऑन द रन' म्हणजे फरार. 'रनर-अप' म्हणजे उपविजेता, पळणारा असण्याची अट नाही, बुद्धिबळातही असतो. 'बँक रन' म्हणजे बँक बुडणार अशी भीती पसरून सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात ती वेळ. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली, आणि यात रांगा फारशा लागल्याच नाहीत, बरंचसं मोबाईल आणि कॉम्प्युटरवरून झालं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आईबाबांना 'स्कूल रन' रोज ऐकू येतो, मुलांना शाळेत सोडणं-आणणं.

पायरी ८: रूपं तोंडात बसवा

रन, रॅन, रन. मधलं तेवढं वेगळं. लोक चुकतात ते हॅव आणि हॅजनंतर, "आय हॅव रॅन आउट ऑफ टाइम" म्हणतात, तिथे पुन्हा मूळ रन येतो, "आय हॅव रन आउट ऑफ टाइम". कर्मणीतही तेच, "द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट", शाळा एका ट्रस्टकडून चालवली जाते. उच्चारात रन आणि रॅन यातला फरक आपण मराठी माणसं बोलण्याच्या ओघात पुसतो, आरशापुढे दोन्ही म्हणून बघा, रॅनला तोंड जास्त उघडतं. लिहिताना रनिंगमध्ये एन दोनदा.

सरावासाठी माझा आग्रह एवढाच आहे की अर्थांची यादी करू नका, वाक्यं लिहा, आणि तीही आपल्या घरातली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश ऑनलाइन फुकट बघता येतात, त्यात अर्थ सोडा, उदाहरणं वाचा, आणि प्रत्येक उदाहरणातला माणूस काढून तिथे आपला माणूस घाला. आत्ता लगेच करून बघायला ही पाच वाक्यं घ्या, उत्तरं खाली आहेत, आधी बघू नका.

घरातलं मीठ संपलंय. आमच्या घराण्यात दम्याचा त्रास आहे. सलग चार दिवस लाइट गेली. दादाचं हॉटेल मस्त चाललंय. एकादशीला वरीचे तांदूळ चालतात.

पहिल्याचं "वी हॅव रन आउट ऑफ सॉल्ट", हॅवनंतर रॅन लिहिलं असेल तर पायरी आठ परत वाचा. दुसऱ्याचं "अॅस्थमा रन्स इन अवर फॅमिली", इथे दमा कर्ता आहे म्हणून रन्स. तिसऱ्याचं "वी हॅड पॉवर कट्स फोर डेज रनिंग". चौथ्यात आणि पाचव्यात रन येतच नाही, दादाचं हॉटेल "इज डूइंग वेल" आणि वरीचे तांदूळ एकादशीला "यू कॅन ईट". दादा स्वतः हॉटेल चालवतो एवढंच सांगायचं असतं, तर मात्र "माय ब्रदर रन्स अ रेस्टॉरंट", आणि हो, तिथे हॉटेल म्हणू नका, बाहेर हॉटेल म्हणजे राहायची जागा.